फुकटचा पंखा आणि बारामतीचं ऊन

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. रबाळे एमआयडीसीत माझं लहानसं फॅब्रिकेशन युनिट आहे, त्याच्या मागच्या शेडमध्ये किटवरून दोन आसनी हलकं विमान बांधतोय. नाकाखाली चाक असलेलं. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, १०० हॉर्सपॉवर. एका मित्राकडे जाबिरू २२०० इंजिनावरचा साठ इंची लाकडी पंखा (प्रोपेलर) पडून आहे, तो जवळपास फुकट देतोय. मुलगा म्हणतो, तीन पात्यांचा कार्बनचाच घ्या, विमानाला शोभेल. परवानग्या झाल्या की विमान बारामतीकडे न्यायचा विचार आहे. कोणता पंखा घ्यावा?

उत्तर : मित्राला चहा पाजा आणि पंखा त्याच्याकडेच राहू द्या.

लाकडाशी माझं वैर नाही. अडचण वेगळीच आहे. जाबिरूचं इंजिन पंखा थेट फिरवतं, मिनिटाला साधारण ३३०० फेरे. तुमचं रोटॅक्स ५८०० पर्यंत जातं खरं, पण मध्ये २.४३ चा गिअरबॉक्स बसलाय, म्हणजे पंख्याच्या वाट्याला येतात २४०० च्या आतच फेरे. आणि पंखा किती ताकद खातो हे फेऱ्यांच्या घनावर ठरतं. ३३०० ला ८० हॉर्सपॉवर खाणारा पंखा २४०० ला जेमतेम तीसच खाईल. उरलेली ताकद जाणार कुठे? थ्रॉटल पुढे सारलंत की इंजिन लाल रेषा ओलांडून पळेल आणि विमान मात्र रेंगाळत निघेल. म्हणून कुणाचाही पंखा कुणालाही लागत नाही, बोल्टची भोकं जुळली तरी.

आता स्वतःचा पंखा. सगळ्यात आधी किटवाल्याने या इंजिनासाठी कोणते पंखे चालवून पाहिलेत ती यादी मागवा. त्या यादीबाहेर पहिल्या विमानाला जाऊच नका. मग टेप घेऊन शेडमध्ये जा. विमान उडण्याच्या वजनाला सपाट उभं असताना पात्याचं टोक जमिनीपासून किमान १८ सेंटिमीटर वर हवं. शेपटीला चाक असतं तर २३ म्हटलं असतं. शिवाय पुढचा टायर बसला आणि त्या चाकाचा दांडा पूर्ण दबला तरी टोक जमिनीला लागता कामा नये. मुरमाची पट्टी वापरणार असाल तर मी याहूनही जास्त ठेवीन, खडे पाती खातात. इथे तुमचा व्यास ठरला. तुमच्या वर्गातल्या विमानांना बहुधा ६८ इंचांच्या आसपासचा पंखा असतो. २४०० फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आतच फिरतं, ध्वनीच्या वेगापासून बरंच लांब, त्यामुळे ती काळजी नको.

दोन पाती की तीन, यावर लोक उगाच हमरीतुमरीवर येतात. व्यासाला जागा असेल तर दोन मोठी पाती थोडी जास्त काम देतात. जागा कमी असेल तर तीन घ्या, ती थरथरही कमी करतात. फरक इतका थोडा की मुलाचं मन राखलंत तरी बिघडत नाही. फक्त तीन पात्यांचा जड पंखा घेताना त्याचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला तो किती विरोध करतो तो आकडा, विचारा. रोटॅक्सने त्याला ६००० किलो-चौरस सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे. ती ओलांडली तर गिअरबॉक्सचं आयुष्य घटतं.

खरा प्रश्न पिचचा, म्हणजे पात्यांच्या कोनाचा, आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत. जमिनीवर विमान उभं असताना पात्यांचा कोन बदलता येतो असा पंखा घ्या. हवेत कोन बदलणारा पहिल्या विमानाला नको, वजन आणि भानगडी दोन्ही वाढतात. पण एकदा बोल्ट आवळले की तुमची गाडी एकाच गिअरवर कायमची अडकली असं समजा. घाट चढायचा की हायवे गाठायचा, ते आधीच ठरवायचं.

मी तुम्हाला घाटाचा गिअर सांगेन. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. मे महिन्यात दुपारी ४० अंश झाले की तिथली हवा प्रमाण वातावरणातल्या सुमारे पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिन, पंखा आणि पंख तिघांनाही कमी हवा मिळते आणि धावपट्टी संपत येते. पुस्तिकेतले आकडे बहुतेक १५ अंशाचे, समुद्रसपाटीचे असतात. तेव्हा पात्यांचा कोन थोडा कमी ठेवा, पळण्यातले चार-पाच नॉट सोडून द्या.

लावायचं कसं? विमान बांधून उभ्याने पूर्ण थ्रॉटल दिलं की इंजिन ५२०० च्या खाली राहता कामा नये, नाहीतर ते ओझ्याखाली ठोकायला लागतं. मग सरळ उड्डाणात पूर्ण थ्रॉटलला ५५०० ते ५७०० दिसावेत. ५५०० च्या वर सलग पाच मिनिटंच, हे विसरू नका. एका अंशाने इंजिनाचे दोन-अडीचशे फेरे इकडेतिकडे होतात, म्हणून अर्ध्या अंशाने सरका. प्रत्येक पात्याचा कोन एकाच गेजने मोजा. टोकांचा मागही पाहा, म्हणजे सगळी टोकं एकाच रेषेतून जातात का ते; स्टूल ठेवून पाती हाताने फिरवली तर तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

उद्या लाकडी नवा पंखा घ्यावासा वाटला, तर ऐरोलीच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि बारामतीच्या उन्हात आकसतं हे ध्यानात ठेवा. आकसलं की बोल्ट सैल, सैल झाले की घर्षणाने भोकं आतून काळी पडतात. विमान हलवलं की टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना) हातात घ्यायचाच. उभं ठेवताना पाती आडवी ठेवा, नाहीतर ओल एकाच पात्यात उतरते.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या गाळ्यासमोर इंजिन चालवून पिच तपासता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : रस्त्यावर मुळीच नाही. दीड किलोचं पातं २४०० फेऱ्यांना हबला (पाती जिथे बसतात त्या मधल्या भागाला) तीन टनांहून जास्त ताकदीने ओढतं. सुटलं तर ते पात्यांच्या फिरण्याच्या रेषेत उडतं, आणि ती रेष तुमच्याकडे शेजारच्या गाळ्यातून जाते. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, तेव्हा बांधायला जागा कुठलीही चालते. चालवायला मोकळं मैदान शोधा, शेपूट जमिनीत गाडलेल्या अँकरला बांधा, चाकांना ठोकळे लावा, खाली खडी नसू द्या. एक माणूस कॉकपिटमध्ये, दुसरा विमानाच्या पंखाच्या (विंगच्या) टोकामागे अग्निशामक घेऊन. इग्निशनच्या दोन्ही स्विचना हात लावून बंद असल्याची खात्री होईपर्यंत पात्याला कुणी शिवायचं नाही, पाहुण्यांनी तर नाहीच.