जुनी रायफल काडतुसं आजही उपयोगाची आहेत का?

थ्री नॉट थ्रीसारखी (.३०३ इंच) सव्वाशे वर्षांपूर्वीची काडतुसं आता कालबाह्य झाली का, असं तुम्ही विचारलंय. मी फौजेत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा होतो, आता देवळाली कॅम्पात राहतो. माझ्या मते झालेली नाहीत. जुनी झाली ती फार तर पुंगळीची, म्हणजे दारू भरायच्या पितळी नळीची घडण. गोळीचा मारा आजही तितकाच पक्का आहे.

थ्री नॉट थ्री १८८८ च्या सुमारास आली, तेव्हा तिच्यात काळी दारू भरायचे. पुढे कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू आली आणि १९१० मध्ये टोकदार गोळी. ही १७४ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची) गोळी सेकंदाला साधारण ७४० मीटर वेगाने सुटते. यात आजही काही कमी नाही.

अडचण आहे ती पुंगळीच्या बुडाच्या बाहेर आलेल्या कडेची. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे यावी लागते. एक जरी मागे राहिली, तरी बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा खटका) पुढे ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. नव्या पोरांना मी हे डोळे मिटून, बोटांनी चाचपायला लावायचो. पण तेवढ्यावरून काडतूस बाद ठरवू नका. आपल्या फौजेच्या ड्रॅगुनोव्ह रायफलीत १८९१ चं, असंच कडेचं काडतूस चालतं. नेमबाजीतली पॉइंट टू टू (.२२) तर १८८७ ची. २०२४ मध्ये पॅरिसला आपल्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटरमध्ये कांस्य जिंकलं, ते त्याच काडतुसावर.

मग फौजा पुढे लहान काडतुसांकडे का वळल्या? वजनासाठी. ७.६२ मिलिमीटर गोळीचं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं, तर ५.५६ मिलिमीटरचं सुमारे १२. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोच्या आसपास ओझं वाचतं, शिवाय खांद्याला धक्काही कमी बसतो. जवानाला हा फरक फार मोठा असतो.

घरात परवान्याची जुनी रायफल असेल, तर काडतूस कोणत्या साली निघालं यापेक्षा हातातला माल किती जुना आहे ते बघा. इगतपुरीकडच्या माझ्या एका नातेवाइकाने थ्री वन फाइव्हची (.३१५) काडतुसं वर्षानुवर्षं चामडी पट्ट्यात खोचून ठेवली होती. तिथला पाऊस तुम्हाला माहीतच असेल. चामड्याला टेकलेल्या पितळेवर हिरवा थर चढला होता. दोन पुंगळ्यांच्या मानेला बारीक चिरा होत्या, त्या मी बाजूला काढल्या. त्यातल्या त्यात बऱ्या दिसणाऱ्यांपैकी एक रेंजवर लावली. चाप ओढला, नुसता टक्क आवाज आला. अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नये, गोळी उशिरा सुटू शकते. नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबलो, मग काडतूस बाहेर काढलं. कॅपवर (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीवर) पिनचा ठसा खोल आणि बरोबर मध्यावर होता, म्हणजे रायफलीचा दोष नव्हता. पट्ट्यातली सगळी काडतुसं त्याला परवान्याच्या दुकानदाराकडे जमा करायला सांगितली. त्याच रायफलीत नव्या खोक्यातली पाच काडतुसं लावली, पाचही सुटली.