आधी पलंग मोजा, मग क्रिब घ्या

या महिन्यात बाळाच्या झोपण्याच्या जागेबद्दल बरीच पत्रं आली. त्यातली तीन निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तसाच पलंग आज पुण्यातल्या निम्म्याहून अधिक नव्या घरांत मला दिसतो.

प्रश्न : मला आठवा महिना लागला आहे. आम्ही वाकडला राहतो. पलंगाला जोडून लावायचा बेडसाइड क्रिब घ्यावा असं मनात आहे. आमचा पलंग हायड्रॉलिक बॉक्सचा, जमिनीपर्यंत बंद आहे. सोसायटीतली एक मैत्रीण तिच्या मुलीचा क्रिब द्यायला तयार आहे. बाळंतपणासाठी साताऱ्याहून आई येणार आहे. तिचं म्हणणं, ‘लेकरू आईच्या कुशीत झोपतं, त्याला वेगळं कशाला ठेवायचं?’ क्रिब घ्यावा का? आणि मैत्रिणीचा चालेल का?

उत्तर : क्रिब जरूर घ्या. रात्री दर दोन-तीन तासांनी पलंगावरून उतरायचं, वाकून बाळ उचलायचं, पाजून परत ठेवायचं, हे ओल्या बाळंतिणीला जड जातं. टाके असले तर फारच. क्रिब शेजारी असला की हात लांब केला, बाळ जवळ घेतलं, इतकं ते सोपं होतं. बाळंतिणींच्या वॉर्डात माझी सगळी नोकरी गेली. रात्रपाळीला आयांची सगळ्यात जास्त दमणूक याच उठबशीने होताना मी पाहिली आहे.

तुमच्या आईंचं म्हणणंही मी मोडीत काढणार नाही. बाळाला आई जवळ हवीच असते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली आपल्या सूचना सुधारल्या, त्यातही हेच आहे : बाळ निदान पहिले सहा महिने आई-वडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ झोपावं. मात्र गादी त्याची स्वतःची हवी, घट्ट आणि सपाट. मोठ्यांच्या पलंगावर मऊ गादी असते, उशा असतात, जाड रजई असते आणि दिवसभराने थकून गाढ झोपलेलं माणूस असतं. धोका त्यांचा आहे. आईंना सांगा, बाळ हाताच्या अंतरावरच राहणार आहे, फक्त रजईच्या बाहेर.

आता तुमच्या पलंगाकडे येते. दुकानात किंवा ऑनलाइन क्रिब बघण्याआधी घरात मोजपट्टी घ्या आणि जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजा. मोजताना गादीवर कोणाला तरी बसवा, कारण वापरलेली गादी कडेला दबते. बहुतेक क्रिबची उंची टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करता येते. कोणत्या उंचीच्या पलंगाला तो लागतो, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. पलंगाकडची बाजू खाली केल्यावर उरणारी कड तुमच्या गादीच्या पातळीत यावी, आणि बाळाची गादी त्याहून थोडी खाली असावी. युरोपातल्या २०१९ सालच्या मानकानुसार ही कड बाळाच्या गादीच्या वर निदान १२ सेंटीमीटर हवी. काही स्वस्त क्रिबना ती बाजूच नसते, बाळाची गादी सरळ तुमच्या गादीला टेकते. तसला घेऊ नका. बाळ सरकून तुमच्या पांघरुणाखाली जाऊ शकतं किंवा मधल्या फटीत.

बॉक्सच्या पलंगाची अडचण पायांची असते. बऱ्याच क्रिबचे पाय पलंगाखाली सरकवायचे असतात, आणि तुमच्या पलंगाखाली जागाच नाही. मग क्रिब चार-सहा बोटं दूर उभा राहतो आणि माणसं ती फट दुपट्याने बुजवतात. पाय आत घडी होणारे किंवा सरळ उभे असलेले क्रिब मिळतात, तसाच बघा. पलंगाच्या लाकडी चौकटीची कड गादीच्या बाहेर आलेली असेल, तर तीही मोजा. तेवढी फट कोणत्याही क्रिबला पडणारच.

बिबवेवाडीतल्या एका घरी मला बाळ-बाळंतीण बघायला बोलावलं होतं. क्रिब नवा कोरा, पट्टे लावलेले, सगळं नीट दिसत होतं. मी पलंगावर बसून क्रिबच्या कडेला गुडघ्याने हलकं ढकललं, तर मध्ये माझा अख्खा पंजा जाईल एवढी जागा झाली. पट्टा नुसता गादीभोवती गुंडाळला होता आणि गादीच सरकत होती. घरच्यांनी आधी कधीतरी फट बघितली असणार, कारण त्यात एक गोधडीचा तुकडा गुंडाळी करून खोचला होता. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान लुळी असते. तोंड त्या गोधडीत गेलं तर त्याला स्वतःला ते बाहेर काढता येत नाही, आणि बाळ रडूही शकत नाही, म्हणून कोणाला कळतही नाही. आम्ही तिथेच गादी उचलली, पट्टा खालून पलंगाच्या पलीकडच्या चौकटीपर्यंत नेला, बकल लावून ओढला. मग कितीही ढकललं तरी क्रिब हलेना.

तुमच्याकडेही असंच करा : पट्टा गादीखालून, फळीवरून, पलीकडच्या कडेला अडकवायचा. हायड्रॉलिक पलंगात एक गोष्ट जास्त सांभाळावी लागते. थंडीची पांघरुणं काढायला फळी उचलली की पट्टा सुटतो किंवा सैल होतो. ज्याने फळी उचलली त्यानेच पट्टा पुन्हा ओढायचा, असं घरात ठरवून टाका. आणि रोज रात्री दिवा मालवण्याआधी एकदा ढकलून बघा. पट्टा बसवणं तुमच्या पलंगाला जमतच नसेल, तर क्रिबच्या चारही बाजू वर करून तो पलंगापासून फूटभर दूर ठेवा. बाळ तरीही तुमच्या खोलीतच राहतं. बाजू खाली आणि क्रिब मोकळा, ही एकच स्थिती अजिबात नको. तुम्ही अंघोळीला, जेवायला उठलात तरी बाजू वर करून, चेन लावून जायचं.

मैत्रिणीचा क्रिब चालेल, पण तो तुमच्याच घरी, तुमच्याच पलंगाला जोडून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मूळ पट्टे, सगळे स्क्रू आणि माहितीपत्रक आहे का? जाळी कुठे उसवली आहे का? चेन शेवटपर्यंत लागते का? पट्टे हरवले असतील आणि कंपनीचे मिळत नसतील, तर नाडीने, ओढणीने बांधायचा उद्योग करू नका, तो क्रिब परत द्या. गादी त्याच क्रिबची हवी. तळव्याने दाबून बघा, हात उचलताच ती पूर्ववत व्हायला हवी. खड्डा राहिला तर गादी बाद. कडेला दोन बोटांपेक्षा जास्त जागा राहता कामा नये. ही गादी पातळ आणि कडक लागते, म्हणून आज्या वर मऊ दुलई अंथरतात. अंथरू नका. बाळाला तो कडकपणा टोचत नाही, आणि जाड अंथरलं की कडेची उंचीही तेवढी कमी होते.

क्रिबमध्ये बाळ आणि ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, लोड, कापडी खेळणी, कडेने बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या नकोत. त्या पट्ट्यांवर अमेरिकेत २०२२ साली कायद्याने बंदी आली, आपल्याकडे मात्र त्या ‘सेट’मध्ये सर्रास येतात. आल्या तर काढून ठेवा. तुमचं बाळ दिवाळीच्या आगेमागे येईल, पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०च्या खाली जातो, तेव्हा पांघरुणाचा प्रश्न येणारच. सुटं पांघरूण घालण्यापेक्षा अंगात एक थर जास्त घाला किंवा बिनबाह्यांची झोपायची पिशवी वापरा. कुंची बाहेर जाताना घाला. झोपेत डोकं मोकळंच ठेवा, बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकतं. मानेमागे हात लावून बघा, घाम असेल तर एक थर उतरवा.

आणि डासांसाठी : क्रिबवर मच्छरदाणी घालायची तर ती ताणलेली आणि बाहेरून पक्की अडकलेली हवी, आत लोंबलेली नको. डास मारायच्या लिक्विडचं मशीन आणि मोबाइलच्या चार्जरची वायर क्रिबच्या बाजूच्या बोर्डावरून काढा.

प्रश्न : मी सदाशिव पेठेत राहते. धाकटी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. आमच्या माळ्यावर सासूबाईंच्या वेळचा सागवानी पाळणा आहे. मी मोहरीची उशीही शिवून ठेवली. लेक म्हणते, उशी नको, झोळी नको, आणि बाळाला पाठीवरच झोपवायचं. माझी चारही मुलं कुशीवर झोपली, दूध वर आलं तर पाठीवर ठसका लागेल अशी मला भीती वाटते.

उत्तर : आजी, पाळणा माळ्यावरून जरूर काढा. बारसं त्यातच करा, वर चिमणाळंही टांगा. त्याआधी सुताराला बोलावून कड्या, साखळ्या, सांधे तपासून घ्या. गजांमधली फट ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो पाळणा फक्त समारंभापुरता ठेवा. वर जुना ऑइलपेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, तो मुलाच्या तोंडाशी येऊ देऊ नका. दिवसा तुम्ही शेजारी बसून झोका देत आहात तोवर ठीक. बाळाला गाढ झोप लागली की सपाट गादीवर ठेवा. झोळीतही हेच. झोळीत बाळ कमरेत दुमडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, त्यामुळे रात्रीची झोप झोळीत नको.

ठसक्याच्या भीतीचं उत्तर शरीराच्या रचनेतच आहे. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. दूध उलटून आलं तरी त्याला श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागतं. पालथं झोपवलं की हे उलटं होतं. अमेरिकेत १९९४ साली बाळांना पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, थोडा वेळ उभं धरा, मग पाठीवर ठेवा. दूध वर येतं म्हणून गादीखाली उशी सरकवून उतार करू नका. बाळ घसरतं आणि मान पुढे दुमडते. काही क्रिबमध्ये एक बाजू उचलायची सोय असते, तीही झोपेच्या वेळी वापरायची नाही.

मोहरीची उशी तुम्ही कोणत्या मायेने शिवली असेल ते मी समजू शकते. पण झोपेत बाळाच्या डोक्याखाली काहीच नको. डोकं गोल राहावं म्हणून दुसरा उपाय आहे, आणि तो तुमच्याच हातचा आहे. बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, दिवसातून बऱ्याचदा थोडा-थोडा वेळ त्याला पालथं घाला. शिवाय क्रिबमध्ये बाळ सतत आईकडे बघतं, म्हणजे मान एकाच अंगाला वळते. एक रात्र डोकं या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला ठेवा. शेक-शेगडीची, ओव्याची धुरी मात्र बाळाच्या खोलीत नको, धूर त्याच्या फुप्फुसांना बाधतो.

लेकीचं ऐकून तुम्ही पत्र लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला.

प्रश्न : हडपसरहून लिहितो आहे. मुलगा पाच महिन्यांचा, वजन साडेसात किलो. क्रिबवर ९ किलोपर्यंत चालेल असं छापलं आहे. आता तो पालथा पडतो आणि कालपासून हातांवर छाती उचलून कडेकडे बघतो. अजून किती दिवस वापरता येईल? रात्री बायको पाजता पाजता झोपते, तेही विचारायचं होतं.

उत्तर : क्रिब आता थांबवा. वजनाची मर्यादा एक आणि हालचालीची दुसरी, त्यातली जी आधी येईल ती खरी. मूल हात-गुडघ्यांवर उठू पाहतं किंवा बसू पाहतं, त्या दिवशी १२ सेंटीमीटरची कड पुरेनाशी होते. तुमच्याकडे तो दिवस दाराशी आला आहे. अजून दुपट्यात गुंडाळत असाल तर तेही आजपासून बंद. पालथ्या पडलेल्या बाळाला हात मोकळे हवेत. झोपवायचं पाठीवरच. दोन्ही बाजूंनी स्वतः वळता येत असेल, तर रात्रभर उठून त्याला सुलटं करत बसायची गरज नाही.

पाजताना डोळा लागणं हे थकव्यामुळे होतं, वहिनींना त्याबद्दल बोल लावू नका. डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजू नये, तिथे बाळ गादीच्या खाचेत जाऊन गुदमरण्याचा धोका पलंगापेक्षा कितीतरी जास्त. पलंगावरच पाजावं, उशा-पांघरुणं आधी बाजूला करून. तुम्हाला जाग आली की तुम्ही बाळ उचलून त्याच्या जागी ठेवा. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, झोपेचं औषध किंवा मद्य घेतलं असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर मोठ्यांच्या पलंगावर बाळाला झोपू देऊच नका.

आता उंच कठड्याचा मोठा पाळणा घ्या, त्याच खोलीत लावा, आणि त्याची गादी पहिल्या दिवसापासून सगळ्यात खालच्या खाचेत बसवा.