थायरॉईडचं दुसऱ्यांदा ऑपरेशन, आईचा आवाज जाईल का?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, माझी आई ५४ वर्षांची आहे, १४ वर्षांपूर्वी तिची थायरॉईडची उजवी बाजू गाठीसाठी काढली होती, रिपोर्ट साधा आला होता. आता डाव्या बाजूला गाठ आलीये आणि सुईच्या तपासणीत शंका आहे म्हणून सर्जन काढा म्हणतायत, पण दुसऱ्यांदा असल्यामुळे आवाजाच्या नसेला धोका जास्त असंही म्हणाले. आई भजनी मंडळात गाते, तिने ऑपरेशनच नको म्हणून हट्ट धरलाय. आवाज आत्ता एकदम छान आहे. काय करू?
– एक वाचक, बारामती

उत्तर : ताई, सगळ्यात आधी आईच्या व्होकल कॉर्डची, म्हणजे घशातल्या आवाजाच्या दोन पट्ट्यांची, तपासणी करून घ्या, बाकीचं सगळं त्यानंतर. आवाज छान आहे म्हणून तपासणी नको असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका, कारण एका बाजूची कॉर्ड वर्षानुवर्षं हलत नसली तरी दुसरी सरकून तिला जाऊन भिडते आणि बोलणं अगदी नॉर्मल वाटू शकतं. ईएनटीच्या डॉक्टरांकडे नाकातून बारीक दुर्बीण घालतात, आधी बधिर करणारा स्प्रे मारतात, मग "ई" म्हणा, श्वास घ्या असं सांगतात आणि स्क्रीनवर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडताना-मिटताना दिसतात. पाच मिनिटांचं काम आहे, भूल लागत नाही.

तुमच्या आईच्या बाबतीत ही तपासणी एवढी महत्त्वाची का ते सांगतो. कॉर्ड हलवणारी नस दोन्ही बाजूंना एकेक असते, ती छातीकडे खाली जाऊन रक्तवाहिनीला वळसा घालून परत वर येते, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मधल्या खोबणीतून, थायरॉईडला अगदी चिकटून. पहिल्या ऑपरेशननंतर तिथे सगळं चिकटतं, थर वेगळे राहत नाहीत, नस जागेवरून ओढली गेलेली असू शकते आणि वणामध्ये ती ओळखणं अवघड होतं. अनुभवी हातात पहिल्या वेळी कायमची इजा साधारण शंभरात एक-दोघांना होते, पण त्याच जागी पुन्हा शिरलं की धोका काही पटींनी वाढतो. आता तुमच्याकडे उजवी बाजू झालीये आणि गाठ डावीकडे आहे, म्हणजे डावी बाजू जर तेव्हा उघडलीच नसेल तर डाव्या नसेचा धोका बऱ्यापैकी पहिल्या ऑपरेशनसारखाच, ही चांगली बातमी. पण उजवी नस तेव्हाच गेली असेल आणि कुणाच्या लक्षात आलं नसेल, तर डावी ही एकच नस उरलीये, आणि तिला काही झालं तर प्रश्न फक्त आवाजाचा राहत नाही, दोन्ही पट्ट्या मधोमध येऊन थांबतात, श्वास अडतो आणि गळ्याला भोक पाडायची वेळ येऊ शकते. म्हणून जुने कागद शोधा, डिस्चार्ज कार्डपेक्षा ऑपरेशनची नोट मिळाली तर उत्तम, त्यात डावी बाजू उघडली होती का आणि नस दिसली होती का हे लिहिलेलं असतं.

सर्जनना स्पष्ट विचारा, अशी दुसऱ्या वेळची ऑपरेशन्स नेहमी करता का, नर्व्ह मॉनिटर वापरणार का. त्यात भूल देताना घशात घालतात त्या श्वासाच्या नळीवर इलेक्ट्रोड असतात, नसेला छोटा करंट दिला की कॉर्ड हलते आणि मशीन टुक टुक वाजतं. यामुळे नस वाचण्याची गॅरंटी मिळत नाही, डोळ्यांनी नस शोधणं हेच मुख्य काम, पण कुठे दोन्ही बाजूंचं काम असेल आणि एकीकडचा सिग्नल गेला तर तिथेच थांबून दुसरी बाजू नंतर करता येते, हा मला त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

आई गाते हे सर्जनना आवर्जून सांगा. थायरॉईडच्या वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांजवळून अजून एक बारीक नस जाते, ती दुखावली तर बोलणं ठीक वाटतं पण वरचे सूर लागत नाहीत, आवाज लवकर थकतो. अमेलिता गॅली-कुर्ची या ऑपेरा गायिकेचं १९३५ मध्ये गलगंडाचं ऑपरेशन झालं आणि त्यात तिचा आवाज गेला ही गोष्ट सर्जन लोक अजून सांगतात, नंतर काहींनी त्यावर शंकाही घेतलीये, पण त्या निमित्ताने या नसेकडे लक्ष गेलं हे बरंच झालं.

आणि आईची भीती खोटी नाही हो, तिला रागवू नका. पण शंकास्पद गाठ तशीच वाढू दिली आणि ती कॅन्सरची निघाली तर तीच नसेला विळखा घालू शकते, हे तिला शांतपणे सांगा.

प्रश्न : थायरॉईडचं दुसरं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, आवाज घोगरा, फुसका येतो, पाणी पिताना ठसका लागतो. आयुष्यभर असंच राहणार का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच असं समजू नका. नस कापली गेली नसेल, नुसती ताणली किंवा सुजली असेल तर बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत परत येतो, कधी वर्षही लागतं. पण नुसती वाट बघत बसू नका, दुर्बिणीने कॉर्ड बघून घ्या आणि स्पीच थेरपी सुरू करा. पाणी पिताना हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्या, ठसका बऱ्याच जणांचा कमी होतो, थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या. ठसका फारच असेल तर कॉर्डमध्ये इंजेक्शन देऊन ती मधे सरकवता येते, त्याचा परिणाम काही महिने टिकतो, तोवर नस सुधारायला वेळ मिळतो. वर्षभरानंतरही कॉर्ड हलली नाही तर थायरोप्लास्टी आहे, जपानच्या इस्शिकींनी १९७४ मध्ये मांडलेली, गळ्याच्या कूर्चेला छोटी खिडकी करून कॉर्ड आत ढकलतात. मात्र श्वास घेताना घर्रर्र आवाज येत असेल किंवा दोन जिने चढून धाप लागत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच हॉस्पिटल गाठा.