‘बाण डागला’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगीन युरोपातल्या लढायांवरची एक मालिका मराठीत ऐकताना सेनापती तिरंदाजांच्या रांगेला ‘डागा!’ असा हुकूम सोडतो. हे कानाला खटकतं, पण बातम्यांत क्षेपणास्त्रं रोजच डागली जातात. मग बाण डागला तर बिघडलं कुठे? आणि डागायचा नसेल तर बाणाचं करायचं काय?

बाण सोडायचा, नाहीतर मारायचा. डागायची ती तोफ. जुन्या वापरात तर गोळाही डागत नसत, तोफच डागत. या एका बारकाव्यात सगळं उत्तर आहे.

डागणं म्हणजे तापलेल्या लोखंडाचा चटका देणं. बैलाला डागतात, पूर्वी दुखणाईत पोरांनाही डागत. फारसीत ‘दाग़’ म्हणजे भाजल्याची खूण, आणि अकबराच्या लष्करात घोड्यांवर सरकारी छाप उमटवायच्या पद्धतीचं नावही तेच. आता तोफेला चटका कुठे देतात ते बघा. विजापूरच्या बुरुजावरची, अहमदनगरात १५४९ साली ओतलेली मुलूख-ए-मैदान घ्या, नाहीतर एखाद्या गढीपुढे चौथऱ्यावर मांडून ठेवलेली लहानशी तोफ. तोंडाकडे न बघता मागच्या टोकाला, वरच्या अंगाला बघा. तिथे एक बारीक भोक असतं. हा तोफेचा कान. तो आरपार आतल्या दारूपर्यंत गेलेला असतो.

तोफ भरताना आधी दांड्याच्या टोकाला ओला बोळा बांधून नळी आतून पुसायची, कारण मागच्या बाराची एखादी ठिणगी आत राहिली तर नवी दारू भरणाऱ्याच्या हातावरच उडते. मग दारू, ती घट्ट बसवायला बोळा, मग गोळा, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासायचं. (‘ठासून भरलंय’, ‘ठासून सांगितलं’ म्हणताना हा गज आता कोणाला आठवत नाही.) त्यानंतर कानात बारीक दारू ओतायची. तिला रंजक म्हणतात. आणि शेवटी लांब काठीला गुंडाळलेली, धुमसती जामगी त्या रंजकेला टेकवायची. जामगी म्हणजे सोऱ्याच्या (दारूत घालतात त्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून वाळवलेली सुती किंवा तागाची दोरी. ज्वाळा न धरता ती तासाला साधारण फूटभर जळत जाते. काठी लांब हवी आणि गोलंदाजाने बाजूला उभं राहायला हवं, कारण कानातूनही आगीचा फवारा वर उसळतो आणि तोफ गाड्यासकट मागे येते. युरोपात १४व्या शतकातल्या सुरुवातीच्या तोफांना तर जामगीऐवजी लाल तापवलेली सळईच लावत. म्हणजे ‘डागणे’ हा शब्द तिथे अक्षरशः खरा.

रंजक ओली झाली, किंवा कानात काजळी साचून वाट बुजली, तर वर नुसता भपका उडतो आणि आतली दारू तशीच राहते. फार बार झाले की कान झिजून रुंद होतो, जोर तिकडूनच निसटतो आणि गोळा अलीकडे पडतो. माघार घेताना तोफ ओढून नेता येत नसेल तर तिच्या कानात खिळा ठोकून ठेवत. ती शत्रूच्या हाती लागली तरी खिळा निघेपर्यंत मुकी! म्हणून म्हणतो, डागण्याचा संबंध कानाशी आहे. जे बाहेर फेकलं जातं त्याच्याशी नाही.

धनुष्याला कानही नाही आणि विस्तवही नाही. तिथे फक्त ताण आहे. म्हणून दोरी चढवायची, बाण जोडायचा, ओढायचा आणि सोडायचा. ‘सोडणे’ इथे फार नेमकं आहे, कारण तिरंदाजाची बोटं शेवटी तेवढंच करतात. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्रज जहाजाच्या अवशेषांत शंभराहून जास्त धनुष्यं मिळाली. ती पूर्ण ओढायला अंदाजे ४५ ते ८० किलोंचा जोर लागत असे, असा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. एवढं वजन ताणून ‘थांबा... थांबा... डागा!’ ऐकत उभं राहणं माणसाच्या खांद्याला झेपणारं नाही. ओढला की सोडायचाच. म्हणजे त्या प्रसंगात शब्दही चुकलाय आणि कवायतही. १४१५च्या अजिंकूरच्या लढाईत सर टॉमस अर्पिंगहॅमने दांडका वर उडवून इंग्रज तिरंदाजांना इशारा दिला. त्याची आरोळी फ्रेंच बखरकार मोन्स्त्रलेने ‘नेस्त्रॉक’ अशी कशीबशी टिपली आहे. ती सहसा ‘नाऊ स्ट्राइक’, म्हणजे ‘हाणा आता’, अशी वाचतात. आगीचा तिच्यात मागमूस नाही. इंग्रजीत सैनिकांना ‘फायर’ असा हुकूम मिळू लागला तो बंदुका आल्यावर, आणि भाषांतरात आपण ती आग धनुष्यापर्यंत नेऊन पोचवली.

फारसीतून आलेले आपले जुने शब्द याबाबत जास्त शहाणे आहेत. तिरंदाज, गोलंदाज, बरकंदाज (बंदूकवाला शिपाई) या तिघांतही ‘अंदाज’ म्हणजे फेकणारा: तीर, गोळा आणि वीज. म्हणून तोफ हातून गेली आणि क्रिकेट आलं तरी गोलंदाजाची नोकरी कायम राहिली. उलट फैर हा शब्द थेट इंग्रजी ‘फायर’वरून आला. आरोपांच्या फैरी झडतात त्या बंदुकीच्या. चर्चेची असते ती फेरी. बातम्यांत या दोघींची हमखास अदलाबदल होते. बंदुकीला ‘झाडणे’ चालतं, बार ‘काढतात’ किंवा ‘उडवतात’, आणि प्रश्नांची सरबत्ती करताना आपण नकळत ओळीतल्या सगळ्या तोफांना बत्ती देत असतो.

क्षेपणास्त्र डागणं मला चालतं. तोफेवरून ते क्रियापद गोळ्यावर आणि तिथून क्षेपणास्त्रावर सरकलं, निदान पेटवण्याची क्रिया तरी शाबूत आहे. ‘क्षेपणास्त्र सोडलं’ही तितकंच बरोबर, आणि लहान.

आता दोन अपवाद. १८व्या शतकातल्या मराठी कागदांत तोफा आणि जेजालांच्या (लांब नळीच्या जड बंदुकांच्या) जोडीला ‘बाण’ येतात, ते धनुष्याचे नसतात. ती दारू ठासलेली लोखंडी नळी, मागे वेळूची काठी बांधलेली. काठीमुळे तिला दिशा मिळे. काठी वाकडी बसली तर बाण भलतीकडेच वळे, कधी स्वतःच्याच फौजेत. म्हैसूरच्या फौजेनेही असेच बाण वापरले. शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे २०१८ साली एका जुन्या विहिरीतून त्यांच्या हजाराच्या आसपास नळ्या निघाल्या. या बाणाला बत्तीच द्यावी लागते, त्यामुळे तो डागला म्हणायला हरकत नाही.

दुसरा अपवाद खुद्द युरोपातला. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डसाठी १३२६ साली तयार झालेल्या एका हस्तलिखितात युरोपातलं तोफेचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र आहे. फुलदाणीसारखं पोट असलेली आडवी तोफ, शेजारी चिलखतातला माणूस तिच्या कानाला विस्तव लावतोय, आणि तोफेच्या तोंडातून गोळ्याऐवजी एक भलामोठा बाण बाहेर डोकावतोय. मालिकेतला प्रसंग त्या फुलदाणीचा असेल तर ‘डागा’ राहू द्या. नसेल तर ‘सोडा’. तेही दोनच अक्षरांचं आहे, पात्राच्या ओठांवर बसेल.