आईला हिरड्यांची फ्लॅप सर्जरी सांगितली आहे. कॅल्शियम, व्हिटॅमिन सी आणि ओमेगा-३ घेऊन ती टळेल का?

नाही. कॅल्शियमने हलणारे दात घट्ट होतात, हे खूळ काही केल्या लोकांच्या डोक्यातून जात नाही आणि मीही वाद घालायचा सोडत नाही. हिरडीखाली कीटण साठतं, सूज राहते आणि त्या सुजेत दाताभोवतालचं हाड झिजतं. गिळलेली गोळी ते कीटण खरवडत नाही; फ्लॅप सर्जरीत हिरडी उघडून तेच साफ करतात.

उलट कॅल्शियम घोळ घालतं. समजा, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लिहून दिलंय आणि आईंनी दोन्ही गोळ्या एकाच कप दुधाबरोबर घेतल्या. कॅल्शियम पोटातच डॉक्सीला धरून ठेवतं, रक्तात पुरेसं औषध जातच नाही. मग ‘अँटिबायोटिकचा उपयोग झाला नाही’ म्हणायचं! लोहाची गोळी, झिंकवालं मल्टिव्हिटॅमिन, अँटासिड यांचंही तेच. मध्ये दोन-तीन तास जाऊ द्या. डॉक्सी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत व्रण पडतो. अमॉक्सिसिलिन-मेट्रोनिडाझोल दिलं असेल तर तोंडाला धातूसारखी चव येईल. तेवढ्यावरून कोर्स सोडू नका.

ओमेगा-३, व्हिटॅमिन ई, लसणाच्या कॅप्सूल यांना घरात कुणी औषध समजत नाही, म्हणून डॉक्टरांना सांगतही नाहीत. मोठ्या डोसमध्ये यांनी रक्तस्राव वाढू शकतो. किती दिवस आधी थांबवायच्या ते सर्जनला विचारा. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र आपल्या मनाने अजिबात बंद करायच्या नाहीत.

टाके असेपर्यंत तिथे ब्रश नाही. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिन माउथवॉशने चूळ भरायची: १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. बाकीच्या दातांना पेस्ट लावल्यावर अर्धा तास थांबून. पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा जोर कमी होतो. वर लगेच चहा घेतला तर दात तपकिरी होतात. ते डाग पॉलिशिंगने निघतात.

व्हिटॅमिन सी खरंच कमी असेल तर हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा ते जरूर द्या. पण शुगर वाढलेली असेल किंवा मिश्री चालू असेल, तर जखम भरण्यातला खरा अडथळा तो आहे. बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या फुगतात, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट चालू असेल तर आधी सांगाच, जबड्याच्या हाडाचा प्रश्न असतो. ती आठवड्याला एकच गोळी असते, रोजच्या डबीत नसते, म्हणून सांगायची राहून जाते.