अमेरिकेत बोर्ड मीटिंगमध्ये स्कूल डिस्ट्रिक्टविरुद्ध बोललं, तर सूड उगवतात का?

उगवतात. पण आवाज चढवून नाही, कागदावर आणि हसतमुखाने. (स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, आणि बोर्ड म्हणजे तिचं मंडळ.) तुम्ही विचारलंय की आयईपीची (दिव्यांग मुलासाठी शाळेने आखलेल्या खास शिक्षण-योजनेची) तक्रार घेऊन मीटिंगला जावं की गप्प बसावं, आणि वकील करावा का. आमचं काय झालं ते सांगते.

न्यू जर्सी. मुलगा तिसरीत, आठवड्याला दोनदा स्पीच थेरपी. ऑक्टोबरात थेरपिस्ट नोकरी सोडून गेली, जानेवारी उजाडला तरी दुसरी आली नाही. केस मॅनेजरला विचारावं तर दरवेळी 'प्रोसेसमध्ये आहे'. शेवटी बोर्डापुढे उभी राहिले. पब्लिक कमेंटला ३ मिनिटं मिळतात. मी फक्त बुडालेल्या सेशन्सच्या तारखा वाचल्या. (घरी टायमर लावून सराव केला होता, नवरा श्रोता.)

अकराव्या दिवशी पत्र: तुम्ही डिस्ट्रिक्टच्या हद्दीत राहता याचा पुरावा द्या. लीज, वीजबिल, बँक स्टेटमेंट, सगळं नव्याने. त्याच अपार्टमेंटमध्ये आमचं चौथं वर्ष होतं! पुढच्या आठवड्यात सकाळी पावणेसातला पार्किंगमध्ये एक माणूस गाडीत बसून आमच्या दाराकडे बघत होता, मुलगा तिथूनच निघतो का ते तपासायला. मग मेल: शिक्षिकेला थेट लिहू नका, सगळं सुपरवायझरमार्फत. दर शुक्रवारी शाळेच्या लायब्ररीत पुस्तकं लावायला जायचे, तेही 'सध्या गरज नाही'. यातलं एकेक सुटं धरा, प्रत्येकाला त्यांच्याकडे नियम तयार.

नवऱ्याचे मावसभाऊ एडिसनला राहतात, रविभाऊजी. त्यांचं आधीपासून एकच: "वहिनी, आपण व्हिसावर. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" पत्र आल्यावर तर "सांगितलं होतं" हे त्यांनी माझ्याच घरी, माझ्या हातचे पोहे खाता खाता ऐकवलं. भाऊजी, वाचत असाल तर ऐका. व्हिसाचा इथे काडीचा संबंध नाही. प्लायलर विरुद्ध डो, १९८२: कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकायचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं. आपण तर रीतसर एच-४ वाले, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबाचा व्हिसा. आणि त्याच मीटिंगमध्ये स्कूलबसवरून बोललेल्या आमच्या शेजारणीलाही तेच पत्र आलं. ती जन्मापासून न्यू जर्सीची!

मला कामाला आल्या त्या तारखा. आपण कधी बोललो, त्यानंतर त्यांनी कधी काय केलं, असे दोन रकाने. फोन झाला की त्याच संध्याकाळी 'आज आपलं असं बोलणं झालं' अशी मेल. मुलाच्या दिव्यांगत्वाशी संबंधित हक्कासाठी बोलल्याबद्दल सूड घेणं हे कलम ५०४ (दिव्यांगांशी भेदभावाला बंदी करणारा केंद्राचा कायदा) खाली वेगळं उल्लंघनच धरा. केंद्राच्या शिक्षण खात्यातल्या ओसीआरकडे (नागरी हक्क कार्यालयाकडे) १८० दिवसांत तक्रार करता येते. मी तक्रारीचा मसुदाच सुपरवायझरला पाठवला. चार दिवसांत पत्त्याची चौकशी बंद, आणि बुडालेली २२ सेशन्स उन्हाळ्याच्या सुट्टीत भरून मिळाली.

आता थोडं जपून. मार्च २०२५ मध्ये ओसीआरची १२ पैकी ७ विभागीय कार्यालयं बंद केली, त्यात न्यूयॉर्कचंही होतं, त्यामुळे नुसत्या त्या तक्रारीच्या भरवशावर राहू नका. पत्त्यावरून मुलाला काढायचा निर्णय झालाच, तर न्यू जर्सीत अपिलाला २१ दिवस असतात. आणि तुम्ही स्वतः डिस्ट्रिक्टमध्ये एड (वर्गातली मदतनीस) किंवा शिक्षिका असाल तर माझं उदाहरण घेऊच नका. वर्तमानपत्रात पत्र लिहिणाऱ्या शिक्षकाला पिकरिंग खटल्यात १९६८ साली संरक्षण मिळालं, पण २००६ च्या गार्सेटी निकालानंतर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या बोलण्याला ते मिळत नाही. वकील आम्ही केला नव्हता.

मुलगा आधी 'लविकाका' म्हणायचा. आता रविकाका म्हणतो, र जरा अमेरिकन वळणाचा आहे, पण भाऊजींना कळतो.