दंगल झाली की सरकार थेट लष्कर का बोलावत नाही? मार्च 2025 मध्ये नागपूरच्या महाल भागात दंगल पेटली तेव्हा कामठीची लष्करी छावणी एवढी जवळ असूनही लष्कर का आलं नाही?

गरज पडली नाही म्हणून. पोलिस, एसआरपी (राज्य राखीव पोलिस) आणि संचारबंदी एवढ्यावर भागलं.

हे ‘बोलवा लष्कर’ मी घरातही ऐकतो. मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त, आमचे साडभाऊ फौजेतून. कुणाचंही लग्न असो, पंगतीत त्यांचं सुरू: ‘तुम्ही बाबू लोक कागद रंगवत बसता, तोवर माणसं मरतात.’ त्यामुळे जरा लांबण लागेल.

23 सप्टेंबर 2023. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडलेला, नागनदी लोकांच्या घरात. लष्कराची तुकडी आली आणि तिच्यासोबत मला दिलं. बोटी त्यांच्या, जवान त्यांचे. पण कोणत्या गल्लीत म्हातारी एकटी आहे, कोणत्या तळघरात चौकीदाराचं कुटुंब झोपतं, हे त्यांना कोण सांगणार? लाइनमन येऊन ‘फीडर बंद केलाय’, म्हणजे त्या भागाची वीज तोडली, असं म्हणेपर्यंत कॅप्टननं बोट पाण्यात टाकू दिली नाही. बरोबरच केलं. तेवढ्यात एक पुढारी हजर. पहिली बोट त्यांच्या बंगल्याकडे हवी, आणि तिथं पाणी फाटकालाही लागलेलं नव्हतं! कॅप्टननं माझ्याकडे पाहिलं, ‘आप बताइए, पहले कहाँ?’ मी डायलिसिसच्या पेशंटचं घर दाखवलं. पुढारी तणतणले ते माझ्यावर, जवानांना चकार शब्द नाही. तसंच पाहिजे. गावातली भांडणं फौजेच्या अंगावर जाऊ नयेत, यासाठीच तर आम्ही सोबत असतो.

दंगलीतही हिशोब हाच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 149 (जुन्या फौजदारी संहितेतलं 130) सांगतं की जमाव दुसऱ्या कशानं पांगतच नसेल तरच दंडाधिकाऱ्यानं सैन्याला सांगावं. कसं पांगवायचं ते सैन्याचा अधिकारी ठरवणार, तेही कमीत कमी बळ वापरून. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर कलम 150 खाली सैन्याचा अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो, पण संपर्क झाला की पुढचं दंडाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून. उद्या गोळी चालली आणि चौकशी बसली, तर गोळी चालवणाऱ्या त्या जवान पोराच्या पाठीशी उभा राहतो तो आमचा ‘रंगवलेला’ कागदच. हे साडभाऊंना पटत नाही. शिवाय ज्यांच्याकडे सीमा आहे त्यांना चौकाचौकात काठ्या घेऊन उभं करायचं, हे मला तरी पाप वाटतं.

आता दोन गोष्टी राहिल्या. एसआरपी, सीआरपीएफ (केंद्राचं राखीव पोलिस दल) म्हणजे लष्कर नव्हे. टीव्हीवर हिरवे-करडे कपडे दिसले की लोक ‘मिलिटरी आली’ म्हणतात. आणि पुराचं काम आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं, दंगलीत नागपूरसारख्या शहरात पोलिस आयुक्तांकडेही दंडाधिकाऱ्याचे बरेच अधिकार असतात. तेव्हा माझा अनुभव पुराचा आहे, दंगलीला तो जसाच्या तसा लावू नका. साडभाऊंनी मात्र लावला तरी चालेल.